बंद शहर आणि मुकी जनावरे

शहर बंद पडले म्हणजे त्याची नोंद इतिहासात होते. परंतु त्या शहरात माणसांच्या आश्रयाने जगणाऱ्या मुक्या जनावरांवर त्या दिवसांत काय गुदरले, याची दखल सहसा कोणी घेत नाही. मुंबईच्या इतिहासात मात्र असे दोन प्रसंग आहेत की, ज्यांत बंद शहराचा आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचा निकटचा संबंध आला. पहिला प्रसंग १८३२ सालचा, दुसरा २०२० सालचा. पहिल्या खेपेस शहर बंद झाले ते कुत्र्यांसाठी; दुसऱ्या खेपेस शहर बंद झाले म्हणून कुत्री उपाशी पडली.

कंपनी सरकारच्या अमलात मुंबईतील मोकाट कुत्री उन्हाळ्याच्या ठरावीक काळात मारण्याची पोलिसांना मुभा होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनामही मिळे. सरकारची भीती निराधार नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर तेव्हा जगात कोठेही खात्रीचा उपाय नव्हता. पाश्चरने आपली लस माणसाला प्रथम टोचली ती १८८५ साली. परंतु इनामाच्या लोभाने शिपाई मोकाट आणि पाळीव हा भेद पाहीनासे झाले. पारशी समाजात तर कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीत ‘सगदीद’, म्हणजे कुत्र्याची दृष्टी शवावर पाडण्याचा विधी, आवश्यक मानला गेला आहे. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनाही जीवहत्या सहन होणारी नव्हती.

६ जून १८३२ रोजी किल्ल्यात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाले. पारशांनी पुढाकार घेतला आणि इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले. फौजेकडे जाणारी रसद अडविण्यात आली, तेव्हा सरकारने लष्कर बोलाविले आणि धरपकड केली. हरताळ मोडला, परंतु ज्या प्रश्नातून तो उद्भवला होता, तो काही मिटला नाही. तो सोडविण्याचा वेगळा मार्ग शहरातील धनिकांनी शोधला. जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा या नावाने प्रसिद्ध असलेले मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर पट्टी बसवून घेतली. दंग्याने जे साधले नाही, ते वर्गणीने काही अंशी साधले.

पुढे कायदाही या दिशेने वळला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांमुळे १९६० साली प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६२ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली मद्रासमध्ये प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. २००१ सालच्या नियमांनी भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करून व लस टोचून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत देशभर लागू केली.

ती मूळ जागाच २०२० साली उजाड झाली. २५ मार्चपासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. उपाहारगृहे, चहाच्या टपऱ्या, कचेऱ्यांतील खानावळी आणि देवळांचे दरवाजे बंद झाले. रस्त्यावरचे जनावर जगते ते याच ठिकाणच्या उष्ट्यावर. उद्यानांची अवस्था आणखी कठीण होती. सकाळी फिरावयास येणाऱ्यांच्या हातच्या बिस्किटांवर आणि पोळीच्या तुकड्यांवर तेथील कुत्र्या-मांजरांचे पोट अवलंबून असे. फाटकाला कुलूप लागताच तो आधार तुटला. कुत्रे हे आपल्या हद्दीला बांधलेले जनावर आहे. परक्या गल्लीत ते सहसा शिरू धजत नाही, कारण तेथील कुत्री त्यास टिकू देत नाहीत. म्हणून अन्नानेच त्याच्यापर्यंत जाणे प्राप्त होते.

ते अन्न घेऊन जाणारे लोक निघाले. प्राणिकल्याण मंडळाने राज्यांना पत्र लिहून जनावरांच्या अन्नपाण्याची सोय राखण्यास सांगितले. अनेक शहरांत स्वयंसेवकांना संचाराचे पास मिळाले. ओडिशा सरकारने मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून या कामासाठी ५४ लाख रुपये मंजूर केले. तोंडाला फडके बांधून, भाताची पातेली दुचाकीवर लादून ही माणसे निर्मनुष्य रस्त्यांनी हिंडली. एप्रिलच्या उन्हात अन्नाइतकेच पाणीही निकडीचे होते. त्यासाठी झाडांखाली मातीची भांडी भरून ठेवली गेली.

याच दिवसांत लाखो मजूर उपाशीपोटी गावाकडे पायी निघाले होते. माणसे भुकेली असता कुत्र्यांना भात का घालावा, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आणि तो गैर नव्हता. तथापि एकाच्या तोंडचा घास काढून तो दुसऱ्याला दिला जात होता, असे त्या कामाचे स्वरूप नव्हते. मजुरांसाठी शिधा बांधणारे हात पुष्कळदा कुत्र्यांची भांडीही भरीत होते.

तो वाद पुढेही चालूच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व आसपासची भटकी कुत्री निवाऱ्यांत कोंडण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे आणि अन्न नेमून दिलेल्या जागीच घालावे, असे ठरविले. १८३२ साली शिपायाच्या मनात जी भीती होती, तीच आजही शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईच्या मनात आहे. आणि तेव्हा बाजार बंद करणाऱ्यांच्या मनात जी कणव होती, ती टाळेबंदीत पातेले घेऊन निघालेल्यांच्या मनात होती. भीती आणि कणव ही दोन्ही खरी आहेत. पांजरपोळ काढणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. म्हणूनच हरताळ संपल्यावर ते हिशेबाची वही उघडून बसले.