पुलमनचे पोर्टर आणि टिपचा हिशेब

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. दोनच वर्षांनी जॉर्ज पुलमन यांनी रेल्वेच्या शयनयानांची कंपनी काढली आणि पोर्टर म्हणून प्रामुख्याने गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेमले. पगार तुटपुंजा, पोट प्रवाशांच्या बक्षिसीवर. औदार्य प्रवाशाचे, बचत कंपनीची! प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारीत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची जुनीच रीत ती.

१९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी संघटना उभारली. कंपनीशी करार व्हायला मात्र १९३७ उजाडले. पगार वाढला, महिन्याचे सुमारे ४०० तासांचे काम २४० वर आले.

टिपवर जगणाऱ्या वेटरांचे काय? मालकाने त्यांना द्यावयाचे किमान रोख वेतन, संघराज्याच्या कायद्यानुसार, १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. उरलेली भर गिऱ्हाइकाने घालावी, हे गृहीत.