आंधळ्या बाईचं दुकान

दिवाळीत ताई आणि भाचा पुण्याहून नगरला आले होते. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण घरात बोलताना तोंडातून अजून नगरच येतं.) भाचा यंदा नववीत आहे. पाडव्याच्या दुपारी फराळ, जेवण, पुन्हा फराळ असं सगळं आटोपून मंडळी लवंडली होती. भाच्याने लॅपटॉप उघडून स्कायरिम लावला. आई शेजारी खुर्चीत बसून बघत होती. आईला असं काहीही बघायला आवडतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्कायरिम हा २०११ साली आलेला गेम. बर्फाळ डोंगरांचा देश, ड्रॅगन, जादूटोणा, तलवारी. यात ठरावीक गोष्ट संपवायची सक्ती नाही. आपण एक पात्र घ्यायचं आणि त्या जगात वाट्टेल तिथे भटकायचं. कुणी शूरवीर होतो, कुणी लोहार, कुणी चोर.

भाचा एका दुकानात शिरला. तिथली एक बादली उचलली आणि शांतपणे दुकानदाराच्या डोक्यावर पालथी घातली. मग फळीवरचा माल एकेक करून पिशवीत. दुकानदार बादलीसकट उभा. हूं की चूं नाही!

आई म्हणाली, "अरे, तो काही बोलत कसा नाही?"

"त्याला दिसतच नाही ना आता, आजी. ही ट्रिक सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"खेळणाऱ्या सगळ्यांना. आम्ही एकमेकांना सांगतो."

"आणि त्या दुकानदाराला कोण सांगतं?"

भाचा हसला. "आजी, गेम आहे तो."

"गेम आहे ते कळतंय मला. चोरी करतोयस तेही कळतंय."

मी मध्ये पडलो. कारण आजी-नातवाचं हे भांडण नवीन नाही. हाच वाद चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एका तरुणाच्या डोक्यात शिरला होता आणि त्यातून एक गेम जन्माला आला होता. मला जुन्या गेम्सबद्दल वाचायचा नाद आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा मी जे त्या दोघांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

या जातीच्या खेळांचं मूळ १९७४ सालच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला. त्यात कॉम्प्युटर नव्हता. चार मित्र, कागद, पेन्सिल आणि फासे. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलणार. आपल्या भाषेत, सोंग घ्यायचं. सोंग आपल्याला नवं नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात, मोखाडा-जव्हारपासून आपल्या अकोल्याच्या डोंगरांपर्यंत, बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे लावून माणसं रात्र रात्र नाचतात. पण बोहाड्यात मुखवट्यामागे कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. कागद-पेन्सिलीच्या खेळातही समोर तीन मित्र बसलेले असतात. कॉम्प्युटर आला आणि सोंग घेणारा माणूस पहिल्यांदा एकटा पडला. मुखवट्यामागे कोण, हे बघायला कुणीच उरलं नाही.

त्या एकट्या खेळाडूंसाठी गेम लिहिणाऱ्या पहिल्या काही लोकांत रिचर्ड गॅरियट होता. वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर, १९७३ साली स्कायलॅबवर राहून आलेले. (२००८ मध्ये हा रिचर्डही स्वतःच्या पैशाने अंतराळ स्थानकावर जाऊन आला.) त्याची अल्टिमा ही मालिका १९८१ पासून सुरू झाली. पहिले दोन भाग दुसऱ्या कंपन्यांनी विकले. १९८३ चा तिसरा भाग मात्र घरच्यांनी मिळून काढलेल्या ओरिजिन या कंपनीतर्फे आला आणि खेळणाऱ्यांची पत्रं पहिल्यांदा थेट त्याच्या टेबलावर येऊ लागली.

पत्रं दोन प्रकारची होती. एक पालकांची. तेव्हा अमेरिकेत अशा खेळांवर सैतानाच्या पूजेचा आरोप करण्याची लाट होती, त्यात अल्टिमाच्या खोक्यावर भलामोठा राक्षस. पालकांनी गॅरियटला पोरं बिघडवणारा ठरवलं. दुसरी पत्रं खुद्द खेळाडूंची, खुशीची. आम्ही गेम कसा जिंकला ते सांगणारी. आणि गंमत म्हणजे गॅरियटला टोचली ती ही दुसरी पत्रं. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की जग वाचवायला निघालेला हा नायक वाटेत भेटेल त्या गावकऱ्याला मारतो, दुकानं लुटतो, कारण जिंकायचा तोच सोपा रस्ता आहे. आणि तो रस्ता आपणच बांधून दिलाय. शेवटचा राक्षस मेला की गेम म्हणणार, शाब्बास. मधल्या प्रेतांचा हिशोब कुठेच नाही.

म्हणून १९८५ साली आलेल्या चौथ्या भागात त्याने राक्षसच काढून टाकला. म्हणजे रस्त्यात भुतंखेतं आहेत, लढाया आहेत, पण ज्याला मारलं की खेळ संपला असा शेवटचा खलनायक नाही. काम एकच, चांगला माणूस व्हायचं. आठ गुण आहेत: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, शब्दाला जागणं, अध्यात्म आणि नम्रता. खेळाडू जे जे करेल त्याची नोंद गेम गुपचूप ठेवतो. भिकाऱ्याला नाणं दिलं, करुणा वाढली. दवाखान्यात रक्त दिलं, त्याग वाढला. लढाईतून पळालात, शौर्य घटलं. मग प्रत्येक गुणाच्या देवळात जाऊन ध्यानाला बसायचं आणि त्याचा मंत्र टाईप करायचा. अध्यात्माचा मंत्र आहे ओम!

आठही गुण पुरे झाले की तुम्ही काय होता? अवतार. गेमचं नावच 'क्वेस्ट ऑफ द अवतार'.

शब्द आपल्याकडूनच गेलेला. पुढे १९८६ च्या सुमारास लुकासफिल्मच्या हॅबिटॅट या खेळात पडद्यावरच्या बाहुल्यांना अवतार म्हणू लागले, १९९२ मध्ये नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने तो शब्द सगळीकडे नेला आणि आज कुठल्याही साईटवर आपला फोटो चिकटवला की तो आपला अवतार. पण या प्रवासात अर्थाची एक गंमत झाली. संस्कृतात अवतार म्हणजे उतरणं. वरून देव खाली येतो. हॅबिटॅटवाल्यांचा अर्थ याच्या जवळचा, माणूस पडद्यात उतरतो. गॅरियटचा मात्र बरोबर उलटा. त्याच्याकडे अवतार व्हायला साध्या माणसाला वर चढावं लागतं, आणि एक चूक केली की पायरी खाली.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग खेळू की तो."

गेम आता जीओजीवर फुकट मिळतो. उतरवून घेतला. चित्रं बघून भाच्याला हसू आवरेना, ठिपक्यांच्या रांगोळीतली माणसं! सुरुवातीला जत्रेत एक जिप्सी बाई भेटते आणि सात पेच टाकते. दर वेळी दोन चांगल्या गुणांपैकी एकच निवडायचा. भाचा म्हणाला, आजी उत्तरं देईल. मी मराठीत सांगत गेलो, आई उत्तरं देत गेली. प्रत्येक प्रश्नाला निदान दोन मिनिटं विचार. एकदा म्हणाली, "दोन्ही का नाही चालत?" शेवटी नम्रता उरली. आणि नम्रतेचं पात्र म्हणजे धनगर.

भाच्याने कपाळावर हात मारला. या गेममधलं सगळ्यात दुबळं पात्र ते. सुरुवातही होते ती मॅजिन्सियापाशी, गर्वापायी उद्ध्वस्त होऊन भुतांनी भरलेल्या गावापाशी. "आजी, धनगर काय कामाचा?"

आई म्हणाली, "आपल्या जिल्ह्याचं नाव कुणाच्या नावावर ठेवलंय?"

भाचा गप्प. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, धनगर घरातला. १७६७ पासून १७९५ पर्यंत होळकरांचं राज्य त्यांनी चालवलं. आजीने एका वाक्यात पोराला गार केलं :)

संध्याकाळपर्यंत आमचा धनगर दोनदा मेला. भाचा चिडत होता, पण उठत नव्हता. रात्री सगळे झोपल्यावर मी एकटाच पुढे खेळत बसलो. या गेममध्ये जादूसाठी लागणारी मुळं-पाला विकणारी एक बाई आहे. ती आंधळी आहे. ती एकूण किंमत सांगते आणि पैसे किती मोजायचे ते आपण टाईप करायचं. ती मोजून बघू शकत नाही. जे द्याल ते घेते आणि आभार मानते.

आमच्याकडे नाणी कमी होती. मी सांगितल्यापेक्षा बरीच कमी दिली. काही झालं नाही. शिपाई आले नाहीत, घंटा वाजली नाही. पुन्हा गेलो. अशा चार खेपा केल्या. आता इथे कबूल करतो, हा प्रसंग गेममध्ये आहे आणि तिथे काय होतं हे मी पूर्वी वाचलेलं होतं. दुपारी दोघांना इतिहास सांगणारा मीच. तरी केलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि बघायला कुणी नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी भाचा राजवाड्यातल्या द्रष्ट्याकडे गेला. कुठला गुण किती जमला हे तो सांगतो. प्रामाणिकपणाचं विचारल्यावर द्रष्ट्याने आमच्या धनगराला सरळ चोर म्हटलं.

"मामा, काल तर ठीक होतं. हे कसं काय?"

सांगावं लागलं. आई पोहे घेऊन तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या नावावर केलंस होय? तुझ्या नावावर केलं असतंस तर मी काही बोलले नसते."

आता नातेवाईकांना माहीत असलेली, पण बाकीच्यांना माहीत नसलेली गोष्ट. आई वीस वर्षं आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसली. शेवटची दोन वर्षं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा ऑपरेशन पुढे ढकलत राहिलो, ते का हे आता लिहीत नाही. संध्याकाळच्या उजेडात तिला नोट ओळखू यायची नाही. गिऱ्हाईक म्हणेल पन्नासची, तर पन्नासची. म्हणेल शंभरची, तर शंभरची. बादलीवाल्या दुकानदाराकडे बघून तिला आधी काय आठवलं असेल, हे मला पोह्यांची बशी हातात घेताना कळलं. त्याच्या आधी कळलं नाही, याची लाज वाटली. गेममध्ये गेलेला प्रामाणिकपणा पुढच्या खरेदीत चोख पैसे देऊन पुन्हा मिळवता येतो. मिळवलाही.

दुपारी सगळे गाडी काढून नेवाशाला गेलो. साठेक किलोमीटर. तिथे पैसाचा खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. अवतार कशासाठी होतो हे गीतेच्या चौथ्या अध्यायात येतं. त्यावरचं ज्ञानेश्वरांचं निरूपण इथलंच. म्हणजे मराठीने अवतार हा शब्द उलगडून ऐकला तो या गावात. मोहिनीराजाचं देऊळही इथेच. विष्णूने बाईचं सोंग घेतलं, तो अवतार.

खांबापुढे उभं राहून मला वेगळंच आठवत होतं. नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानेश्वर देवाकडे जे मागतात, त्या पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच मागणं आहे. शेवटचा राक्षस तिथेही नाही. शाळेत वर्षानुवर्षं हात जोडून म्हटलं, पण हे लक्षात यायला मला एका परदेशी गेमचा वळसा पडला. गॅरियटने ज्ञानेश्वरी वाचली होती असं मी म्हणत नाही. आपल्याकडे सगळं आधीच होतं, असंही म्हणायचं नाही. पुस्तकांत होतंच. माझ्या हातून चार खेपा झाल्या त्या झाल्याच. आणि पालकांच्या पत्रांनी जे झालं नाही, ते खेळाडूंच्या बढायांनी झालं, हेही विसरू नये. पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांनी पोरं काय खेळतात ते बघितलं नव्हतं. आईने निदान शेजारी बसून बघितलं होतं.

भाचा परवा पुण्याला गेला. स्कायरिम अजून खेळतो, बादलीही वापरत असेल. मी विचारलं नाही. पण नेवाशाहून परत येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने विचारलं,

"आजी, तुला दिसत नव्हतं तेव्हा रात्री गल्ला जुळायचा?"

आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बहुतेक वेळा जुळायचा."