तेच लुगडं, नवं नेसणं

एक शर्ट, सात लुक. रीलमधली मुलगी थ्रिफ्टमधून घेतलेला ढगळ पांढरा शर्ट आधी जीन्सवर घालते, मग पोटाशी गाठ मारून स्कर्टवर, मग बटणं उघडी ठेवून जॅकेटसारखा, मग नुसताच कमरेला बांधून. खाली सल्ला असतो : नवीन घेऊ नका, आहे तेच वेगळ्या तऱ्हेनं घाला. सल्ला चांगला आहे, आणि असे रील मी शेवटपर्यंत बघते.

पण ते बघताना दोन प्रश्न पडतात. ज्या मुलखात बायका शतकानुशतकं न शिवलेलं एकच कापड कामाप्रमाणे, वयाप्रमाणे वेगवेगळं नेसत आल्या, तिथे ही युक्ती नवी कशी? आणि दुसऱ्यानं वापरलेला कपडा अंगावर घालणं एवढं साधं असेल, तर आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती आजही अपमानाची आठवण का आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच कपड्यात सापडतात. तो कपडा म्हणजे लुगडं.

साइझ नसलेला कपडा

लुगडं नऊ वारांचं, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याला बटण नाही, नाडी नाही, आणि मुख्य म्हणजे साइझ नाही. शिवलेला कपडा शिवतानाच ठरवून टाकतो की तो कुणाच्या अंगावर बसणार. लुगडं हा निर्णय रोज सकाळी नेसणाऱ्या बाईवर सोडतं. म्हणून ते आईचं लेकीला होतं, सासूचं सुनेला होतं, बाळंतपणाआधी आणि नंतरही तेच चालतं.

आता नेसण्याकडे बघा. काष्टा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे होतात, परकराची गरज राहत नाही, चिखलात भात लावता येतो. ओच्यात भाजी, शेंगा, सुटे पैसे मावतात. पदर डोक्यावर घेतला तर उन्हाला आडोसा, कमरेला खोचला तर कामाला सुरुवात. कोळणी लुगडं आखूड आणि घट्ट नेसतात, कारण त्यांचं काम पाण्यात आणि होडीपाशी. गोव्यातल्या कुणबी बायका लाल चौकड्यांची साडी खांद्यावर गाठ मारून नेसत. शांताल बूलांजे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी भारतभर फिरून साडी नेसण्याच्या पद्धती गोळा केल्या आणि १९९७ साली त्यांचं सचित्र पुस्तक काढलं. त्यात शंभराच्या आसपास पद्धती आहेत. कापड तेच, फरक फक्त घड्या, गाठी आणि खोचण्याचा.

आज ज्याला आपण ‘नेहमीची’ साडी म्हणतो, त्या नेसणीलाही इतिहास आहे आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमधले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा १८६०च्या दशकात त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इथे आल्या. घराबाहेर, चारचौघांत वावरता येईल अशी नेसण त्यांना हवी होती. मुंबईतल्या पारशी बायकांची पद्धत पाहून त्यांनी ती बदलून घेतली, आत पोलकं आणि परकर आला, आणि ही नेसण कोलकात्यात रुजली. नेसण बदलली की बाई कुठे जाऊ शकते हेही बदलतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

लुगड्याचे पुढचे जन्म

मी कोड लिहिते, त्यामुळे मागे घेता येणारी कृती आणि न येणारी कृती यांतला फरक माझ्या डोक्यात पक्का बसलेला आहे. जुन्या घरांमध्ये लुगड्याचा वापर अगदी याच क्रमानं होई. जोवर कापड दमदार आहे तोवर फक्त नेसायचं : घडी मोडली, पुन्हा घातली, काही बिघडत नाही. मधोमध विरलं की दोन तुकडे करून चांगल्या कडा मधे घ्यायच्या आणि जोडायच्या. हे दांड घालणं म्हणजे कात्रीचा पहिला, पण जपून केलेला वापर. त्यानंतर मुलीचं परकर-पोलकं. त्यानंतर बाळासाठी झबलं, कुंची, दुपटी, लंगोट. बाळाला पहिले कपडे जुन्या सुती लुगड्याचे, कारण शंभर वेळा धुतलेल्या सुताइतकं मऊ काही नसतं, आणि आजीच्या लुगड्यात तिची मायाही असते असं मानलं जाई.

शेवटी उरलेल्या कापडांचे थर एकमेकांवर ठेवून त्यांवर धावदोऱ्याची गोधडी, काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात. बंगालात कांथा, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी, ही त्याच घराण्यातली भावंडं. गोधडीही फाटली की पायपुसणं, आणि तेही गेलं की चुलीवरचं भांडं उतरवायचा बोळा.

या सगळ्या प्रवासात जुना कपडा लाजेचा नव्हता. उलट आजीच्या लुगड्याची गोधडी म्हटलं की आजही घरातल्या नातवंडांत भांडणं होतात. लाज सुरू व्हायची ती कापडानं उंबरठा ओलांडल्यावर.

बोहारीण

उंबरठ्याबाहेर बसायची बोहारीण. डोक्यावरची पाटी उतरवली की तिच्यात चकचकीत स्टीलची पातेली, डबे, झाकण्या. समोर आमच्या घरातल्या बायका, आणि मधे जुन्या कपड्यांचा ढीग. ती एकेक कपडा उजेडाकडे धरून बघायची. विरलेली जागा, डाग, उसवलेली शिवण तिच्या नजरेतून सुटत नसे. मग डब्याऐवजी वाटी, वाटीऐवजी अजून एखादी पँट, अशी घासाघीस. आम्ही देणाऱ्यांच्या बाजूला होतो, त्यामुळे मला लहानपणी हा खेळ वाटे. ढीग पुढे कुठे जातो, हे आमच्यापैकी कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

तो कुठे जातो याचा माग लूसी नॉरिस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीत काढला. त्यांचं पुस्तक २०१० साली आलं. मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या बायका दारोदार भांडी देऊन कपडे घेतात आणि पहाटे रघुबीर नगरच्या बाजारात घाऊक व्यापाऱ्यांना विकतात. तिथून वाटा फुटतात. चांगला कपडा धुऊन, रफू करून, इस्त्री मारून पुन्हा विकला जातो, कारण नवं घेणं न परवडणारं मोठं गिऱ्हाईक असतं. खऱ्या जरीची साडी जाळून तिच्यातली चांदी काढतात. जे घालण्याजोगं राहत नाही ते यंत्रं पुसायच्या चिंध्यांमध्ये जातं.

म्हणजे वर्गवारी, दुरुस्ती, पुनर्विक्री, शेवटी कच्चा माल. आजच्या भाषेत ज्याला सर्क्युलर फॅशन म्हणतात तो सगळा डोलारा या बायका डोक्यावर वाहत आल्या. मात्र इंस्टाग्रामवर जुने कपडे विकणारी ‘क्युरेटर’ ठरते आणि दारात बसलेली बोहारीण पाणी मागते तेव्हा भांडं वेगळं शोधलं जातं. काम तेच आहे. फरक कशानं पडतो, हे बघायला आणखी मागे जावं लागतं.

दिलेलं कापड

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय घालावं हे सांगितलंय : मेलेल्यांची वस्त्रं. त्याच अध्यायात पुढे शूद्र सेवकाला उष्टं अन्न आणि जुने कपडे द्यावेत असंही येतं. म्हणजे कुणाच्या अंगावर नवं कापड असावं आणि कुणाच्या अंगावर दुसऱ्याचं उतरलेलं, हा नुसता पैशाचा प्रश्न ठेवलेला नव्हता. तो नियम होता.

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात त्याचं ठळक रूप दिसतं. गावकीच्या कामांच्या बदल्यात महारांना जे ‘हक्क’ मिळत, त्यांत प्रेतावरचं कापडही होतं. हक्क या शब्दाची एवढी क्रूर थट्टा क्वचितच कुठे झाली असेल. घालणाऱ्याला निवड नाही, नाकारायची सोय नाही, आणि कापड कुठून आलं हे सगळ्या गावाला ठाऊक.

जुना कपडा देणं म्हणजे उपकार की अपमान, यावर १९२१ साली देशातल्या दोन मोठ्या माणसांचा जाहीर वाद झाला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली. लोक उघडे हिंडत असताना कपडे जाळायचे कसे, असा आक्षेप रवींद्रनाथ टागोरांनी घेतला. ज्यांना कपड्यांची गरज आहे त्यांचा त्यांवर हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींनी ऑक्टोबरमध्ये ‘यंग इंडिया’तून उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की गरिबाला कामाची गरज असताना उतरलेले कपडे देणं हा त्याचा अपमान आहे.

मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही अपुरं वाटतं. टागोर कापडाची किंमत जाणतात, गांधी घेणाऱ्याचा मान. पण या वादात घेणारा माणूस स्वतः कुठेच बोलत नाही. तो बोलला सहा वर्षांनी, महाडला.

महाड, डिसेंबर १९२७

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, मेलेल्यांची वस्त्रं नेमून देणारं तेच पुस्तक. ही घटना सगळ्यांना माहीत असते. त्याच परिषदेच्या अखेरीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केलं, त्याची आठवण मात्र कमी निघते.

त्या भाषणाचा बराच भाग कपड्यांबद्दल होता. तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती खूण पुसून टाका, असं ते म्हणाले. गळ्यात गळसऱ्यांचे ढीग आणि कोपरापर्यंत चांदीच्या किंवा कथलाच्या बांगड्या घालू नका. कपडे फाटके असले तरी चालतील, स्वच्छ हवेत. आणि वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं नेसायला जास्तीचा एक पैसाही लागत नाही.

हे शेवटचं वाक्य मला थांबवतं. बाबासाहेब नवं लुगडं घ्या म्हणत नव्हते. ते घ्यायला त्या बायकांकडे पैसे नव्हते हे त्यांना चांगलं माहीत होतं. तेच लुगडं वेगळं नेसा, एवढंच ते सांगत होते. त्याच ठिकाणी अनेकींनी ते करून दाखवलं, आणि नेसायला मदत करायला काही सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरातल्या स्त्रियाही पुढे आल्या. एक कपडा दुसऱ्या तऱ्हेनं घालण्याचा याहून मोठा प्रसंग मला आपल्या इतिहासात सापडलेला नाही.

यात केवढा धोका होता हे कळायला बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचावं. सवर्ण बायका निऱ्या अशा काढत की लुगड्याचे काठ दिसत. महार बायकांनी मात्र काठ निऱ्यांच्या आत दडवायचे, अशी गावाची रीत होती असं त्या सांगतात. काठ दिसला तर तो गुन्हा. लुगडं स्वतःच्या पैशानं घेतलेलं असलं तरी त्याचा कुठला भाग दिसावा हे गाव ठरवणार. अशा वेळी काठ बाहेर काढणं म्हणजे गावासमोर उभं राहणं.

मग आज काय करायचं?

मी गेल्या वर्षी एक वापरलेली सहावारी इरकल विकत घेतली. अंग सुती, पदर लाल रेशमी, आणि दोन्ही विणीतच एकमेकांत अडकवून जोडलेले. आधीच्या बाईनं ती इतकी धुतलेली की सूत मऊ झालंय. ऑफिसला मी ती पांढऱ्या शर्टावर नेसते. लग्नाला पदर मोठा सोडून, खणाच्या ब्लाउजवर. ट्राउझरवर निऱ्या कमी काढून प्रवासातही चालते. कधी नुसती चौपदरी घडी करून थंडीत शालीसारखी घेते. कात्री अजून लावलेली नाही. विरेल तेव्हा अंगाचा कुर्ता, पदराची ओढणी, आणि उरलेल्याची गोधडी, असा क्रम ठरलेला आहे.

हे मी मजेत करू शकते, कारण ती साडी मी निवडली, पैसे देऊन घेतली, आणि नको असती तर सोडू शकले असते. माझ्या अंगावरचा जुना कपडा बघून कुणी माझी जात ठरवत नाही. हीच गोष्ट ज्याच्या आजोबांवर प्रेतावरचं कापड घालायची वेळ आली, त्याच्यासाठी इतकी हलकी नसेल. कोरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायला मिळणं हीच ज्या घरात तीन पिढ्यांची कमाई आहे, त्या घरातल्या मुलाला ‘नवीन घेऊ नका’ असा उपदेश करण्याआधी मी दहादा विचार करेन. कमी कपडे घ्यायचा सल्ला आधी ज्यांची कपाटं भरलेली आहेत त्यांच्यासाठी आहे.

म्हणून कपाट टिकाऊ करण्याच्या नेहमीच्या सूचनांमध्ये माझ्या तीन जोडते. जुनं घेताना भाव विचारा आणि तो द्या, कारण विकत घेतलेल्या जुन्या कपड्यात उपकार नसतो. जुनं देताना धुऊन, बटण लावून, घडी घालून द्या. जे तुम्ही स्वतः घालणार नाही ते ‘गरिबांना’ म्हणून पुढे ढकलू नका, त्याचं पायपुसणं करा. आणि दारात बोहारीण आली तर तिला व्यापारी म्हणून वागवा. या धंद्यातलं तिला आपल्याहून जास्त कळतं, आणि पाणी मागितलं तर घरातल्याच पेल्यातून द्या.