दोन डॉक्टर, एक आकडा आणि आमची शिरूरची ताई

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. सोबतच्या मजकुरात गमतीने म्हटलं होतं की एक जण मॅरेथॉन पळतो, तर दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं.

याज्ञिकांना हे सुचलं त्याची मुळं आमच्या भागात आहेत. 1993 पासून त्यांच्या टीमने पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या बाजूची गावं त्यात होती. दिवस जाण्याआधी या बायकांचं सरासरी वजन होतं साधारण 42 किलो आणि उंची 152 सेंटिमीटर. बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. सगळ्यांना वाटेल, बारीक आईचं बारीक बाळ. पण मापं घेतल्यावर दिसलं की स्नायू आणि पोटातले अवयव लहान असले तरी कातडीखालची चरबी जवळपास इंग्लिश बाळाइतकीच होती. काट्यावर हलकं, आतून चरबीचं. त्याला नाव पडलं ‘थिन-फॅट’ बाळ.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. आईच्या खाण्यात एकूण किती कॅलरी किंवा प्रोटीन गेलं याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध सापडला नाही. पालेभाज्या, दूध आणि फळं किती वेळा खाल्ली याचा सापडला. शिवाय शेतातलं, पाणी वाहण्याचं कष्टाचं काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान.

आता हा बी.एम.आय. आला कुठून? 1830च्या दशकात बेल्जियमचे क्वेटले ‘सरासरी माणूस’ शोधत होते. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. त्यांच्या सूत्राला आजचं नाव मिळालं 1972 साली, अॅन्सेल कीज यांच्या पेपरात, आणि तिथे मापं होती सात हजारांहून जास्त पुरुषांची. फक्त पुरुषांची! डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव एक आणि आतला डेटा भलताच असला की आम्ही रिव्ह्यूत भांडतो. इथे जग पन्नास वर्षं निवांत आहे.

आमच्या शिरूरच्या ताईचं स्थळ दौंडला ठरत होतं तेव्हा तिने चार महिने रात्रीचं जेवण सोडलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास धरले. घरात कौतुक, कारण उपासाला कोण नाही म्हणणार? काटा सहा किलो खाली आला, केस गळाले, पाळी थांबली. लग्नानंतर सगळं वजन परत आलं, आणि पंगतीत जेवताना अंग चोरायची सवय तिला कायमची लागली. अशा बायकांसाठी वजन हा निकषच न ठेवणारे आरोग्य कार्यक्रम जगात आहेत. 2005 साली कॅलिफोर्नियात 78 बायकांवर असा प्रयोग झाला. डाएटच्या गटातल्या 41 टक्के मध्येच सोडून गेल्या, आणि राहिलेल्यांचं कमी झालेलं वजन पुढे परतही आलं. भूक ओळखून खायला आणि आवडेल ती हालचाल करायला शिकवलेल्या गटातल्या फक्त 8 टक्के गेल्या. त्यांचं वजन तेच राहिलं, पण दोन वर्षांनीही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलेले होते.

छोटा प्रयोग, त्यात सगळ्या गोऱ्या बायका. तो जसाच्या तसा इथे चिकटवता येणार नाही. ताईला भूक ओळखायला सांगाल, पण सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईने ती केव्हा ओळखायची? तरी त्या सहा गावांनी तीस वर्षांपूर्वी तेच दाखवलं होतं: ताटात काय आहे आणि डोक्यावर किती ओझं आहे ते विचारा.

त्या अभ्यासातली बाळं आज माझ्याहून थोडी मोठी आहेत. अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळजवळ निम्म्यांचा बी.एम.आय. 18.5च्याही खाली असताना 37 टक्के मुलांची आणि 18 टक्के मुलींची रक्तातली साखर वाढलेली निघाली. त्यांना कुणीही जाड म्हटलं नसतं.