न केलेल्या गुन्ह्याची माफी

२४ जुलै २००७ च्या सकाळी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, उतरलं. त्यात पाच बल्गेरियन परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर होते. लिबियाच्या कोठडीत आठ वर्षं काढून, दोनदा मृत्युदंड ऐकून ते आले होते. विमानतळावरच राष्ट्राध्यक्ष पर्वानोव यांनी त्यांना माफी दिल्याचं जाहीर झालं. माफी कसली, त्यांनी तर काही केलंच नव्हतं!

बेनगाझीच्या बालरुग्णालयातल्या ४०० हून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं १९९८ मध्ये उघड झालं. शहर खवळलं. १९९९ च्या फेब्रुवारीत परदेशी कर्मचाऱ्यांची धरपकड झाली. मुलांना मुद्दाम विषाणू टोचल्याचा आरोप ठेवला गेला आणि विजेचे धक्के देऊन कबुलीजबाब मिळवले गेले. २००१ मध्ये गद्दाफीने यामागे सीआयए आणि मोसादचं कारस्थान असल्याचं सुचवलं. त्यानंतर कुठलं न्यायालय वेगळं बोलणार?

पुरावा नव्हता असं नाही. एचआयव्हीच्या शोधातले मोंतान्ये आणि इटलीचे कोलित्सी यांनी २००३ मध्येच सांगितलं होतं, की लागण या परिचारिका येण्याआधीपासून होती, त्यांच्या अटकेनंतरही चालू राहिली आणि तिचं मूळ रुग्णालयाच्या अस्वच्छतेत होतं. डिसेंबर २००६ मध्ये ‘नेचर’ने विषाणूचं जनुकीय विश्लेषण छापलं. निष्कर्ष तोच. दोन आठवड्यांच्या आत न्यायालयाने पुन्हा मृत्युदंड दिला.

तेव्हा सुटका व्हायची तर वाटाघाटींतूनच होणार होती. लॉकर्बी विमानस्फोटातल्या २७० मृतांपोटी लिबियाने माणशी एक कोट डॉलर मान्य केले होते. इथे एका मुलामागे एक कोट युरोंची मागणी झाली. हा हिशेब योगायोगाने जुळला, असं मला तरी वाटत नाही. बल्गेरिया अडून बसला, कारण भरपाई देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. १ जानेवारी २००७ ला तो युरोपीय संघाचा सदस्य झाला आणि या कैद्यांचा प्रश्न सगळ्या युरोपचा झाला.

वाट निघाली ती अशी. एका निधीतून प्रत्येक कुटुंबाला सुमारे दहा लाख डॉलर मिळाले. नातलगांनी भरपाई स्वीकारल्यावर मृत्युदंडाचा आग्रह सुटला आणि १७ जुलैला त्याची जन्मठेप झाली. मग १९८४ चा कैदी-हस्तांतरण करार कामी आला: उरलेली शिक्षा मायदेशी भोगायची. पॅलेस्टिनी डॉक्टरला त्याचा लाभ मिळावा म्हणून बल्गेरियाने त्याला आधीच नागरिकत्व दिलं होतं. म्हणजे घरी यायला शिक्षा कायम असणं गरजेचं होतं; निर्दोष ठरवायला लिबिया तयार नव्हताच.

विमानात सेसिलिया सार्कोझी आणि युरोपीय आयोगाच्या फेरेरो-वाल्डनर होत्या. छायाचित्रं सार्कोझींची गाजली. वर्षानुवर्षं त्रिपोलीच्या खेपा घालणारे अधिकारी कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सार्कोझी त्रिपोलीत होते, अणुऊर्जा सहकार्याचा करार करायला.

माफीवर लिबियाने निषेध नोंदवला. ऑगस्टमध्ये गद्दाफीचा मुलगा सैफ याने कैद्यांचा छळ झाल्याचं दूरचित्रवाणीवर मान्य केलं. तोवर बाधित मुलांपैकी पन्नासहून अधिक दगावली होती. रुग्णालयाच्या नऊ लिबियन कर्मचाऱ्यांवरही खटला चालला होता. ते सगळे निर्दोष सुटले.