संगणकाचं सोंग

बहुरूपी फौजदार होऊन दारात उभा राहतो ना, तसा आमचा नांदेडचा जुना २८६ संगणक रोज रात्री व्हीटी-१०० व्हायचा. व्हीटी-१०० म्हणजे अमेरिकेतल्या डेक कंपनीचं १९७८ सालचं टर्मिनल. ८० रकाने, २४ ओळी, स्वतःची अक्कल बेताची. खरं डोकं दूरच्या यंत्रात.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सुरू केलं. पण त्यातल्या स्वस्त 'शेल' खात्यात असलं सोंग घेऊनच शिरावं लागे. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आणि यंत्राचं डोकं मुंबईत, म्हणजे एसटीडी आली! तिचा दर रात्री उशिरा पाव व्हायचा, म्हणून आमचं विज्ञान जेवणानंतर.

१९९६ साली लातूरचा भाचा एसटीनं आला. अमेरिकेतल्या विद्यापीठाचं उत्तर यायचं होतं. मोडेम किंचाळला, पत्र उघडलं. 'कळवण्यास आनंद होतो' इथवर ठीक. पुढं लाइनीतल्या खरखरीनं नुसते कंस नि टिंबं ओतली. शिष्यवृत्तीचा आकडा नेमका त्यात.

"मामा, आता हो?"

कंट्रोलसोबत एल दाबला की मुंबईचं यंत्र तेच पान पुन्हा धाडायचं. धाडलं. पूर्ण शिष्यवृत्ती! लातूरला ताईंना सांगायला सौ.नं आतल्या खोलीतला फोन उचलला, आणि मुंबई गेली.