रियाज

हिंदुस्थानी संगीतात गळा किंवा वाद्यावरील हात तयार करण्यासाठी, व तयार झालेला टिकविण्यासाठी, नित्य करावयाचा अभ्यास. हा मूळचा अरबी शब्द फार्सीच्या वाटेने भारतीय भाषांत आला. जुने मराठी गवई त्याच अर्थाने ‘मेहनत’ म्हणत. गुरूने समोर बसवून दिलेली विद्या ती तालीम आणि शिष्याने ती घोटून आत्मसात करणे हा रियाज, असा भेद केला जातो. परंतु गुरुगृही राहून शिकण्याच्या पद्धतीत या दोहोंमधील सीमारेषा पुसट होती व त्या पद्धतीचे यश बऱ्याच अंशी त्यातच होते.

अभ्यासाच्या सामग्रीची शास्त्रीय मांडणी देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या ग्रंथात (तेरावे शतक) आढळते. स्वरांचा क्रम बदलून होणाऱ्या कूटताना आणि त्यांची गणना करण्याची खंडमेरूची रीत त्याने सांगितली आहे. एकही स्वर पुन्हा न घेता सात स्वरांचे ५,०४० क्रम होतात. भेंडीबाजार घराण्याने ‘मेरुखंड’ या नावाने या पद्धतीस रियाजात स्थान दिले. अमीरखाँ (१९१२–७४) यांच्या विलंबित आलापीत तिचा परिपक्व आविष्कार दिसतो. सर्व क्रम मुखोद्गत करणे हे येथे साध्य नसून, कोणत्याही स्वरावरून कोणत्याही स्वरावर निःशंकपणे जाता येणे हे आहे. तबल्यातील कायदा व त्याचे पलटे यांमागेही अशीच दृष्टी आहे.

गुरुगृही पहाटे मंद्र सप्तकातील खर्जाची साधना, नंतर आकारात पलटे आणि मग चालू रागाची घोटणी असा क्रम सामान्यतः असे. एकच राग महिनोन् महिने चाले. चाळीस दिवस एकांतात राहून करावयाच्या अखंड रियाजास ‘चिल्ला’ म्हणत. अशा साधनेविषयीच्या आख्यायिकांत दिवसाच्या तासांचे आकडे सढळपणे सांगितले जातात. ते सावधपणेच घ्यावयास हवेत. गळ्यावरील अतिरेकी ताणाचे परिणाम अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या चरित्रात दिसतात. आमलेटा येथील आश्रयदात्याकडे सतत गावे लागल्याने त्यांचा आवाज बिघडला आणि बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांना नव्याने घडवावी लागली. अनेक गुरूंकडे शिकलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी १९२१ मध्ये त्यांचा गंडा बांधला व पुढे अनेक वर्षे त्यांच्यासमोर बसून मेहनत केली. येथे तासांइतकेच महत्त्व चूक जागच्या जागी पकडणाऱ्या कानाला होते.

शाळा निघाल्या तेव्हा हा कान विद्यार्थ्यापासून दूर गेला. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यास संगीतशाळा काढली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी (१८७२–१९३१) १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. १९०८ मध्ये ते मुंबईस आले. भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज सुरू झाले. संगीत मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः स्त्रियांपर्यंत, पोहोचले हे या संस्थांचे ऋण मोठे आहे. मात्र ठरावीक वेळेचा वर्ग, स्वरलिपी आणि परीक्षा यांच्या चौकटीत पुष्कळ चिजा येणारा, पण एकही स्वर स्थिर न लागणारा विद्यार्थीही निर्माण झाला.

पलुस्करांना ही उणीव जाणवली नव्हती असे म्हणता येणार नाही. संस्थेत राहून शिकणाऱ्यांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग चालविला व तेथे दिनक्रमाची कडक शिस्त ठेवली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य संस्थेच्या सहवासातच घडले. आठवड्यातून काही तास येणाऱ्यांच्या वाट्याला तो सहवास आला नाही. पटवर्धनांनी रागविज्ञानाच्या भागांत आलाप-ताना लिहून दिल्या, त्यांमुळे घरच्या अभ्यासाला आधार मिळाला. पण लिखित ताना पाठ करणे म्हणजेच रियाज, अशी समजूतही रूढ झाली. निवासी शिक्षणाची निकड पुढेही जाणवत राहिली. कलकत्त्याची संगीत रिसर्च अकादमी (१९७७) हे तिचेच एक फलित होय.

घरी शिकणाऱ्याच्या बाबतीत अनुभवी शिक्षक काही गोष्टींवर भर देतात. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास बसणे हितकर असते. पलटा प्रथम इतक्या संथ लयीत घ्यावा की प्रत्येक स्वर ऐकू येईल; अडलेली जागा वेगळी काढून घोटावी आणि गळा थकताच थांबावे. आपले गाणे ध्वनिमुद्रित करून ऐकण्याची सोय आता सर्वांना आहे व शिक्षकाच्या अनुपस्थितीत ती उपयोगी पडते. गेल्या काही दशकांत घरोघरी आलेल्या विद्युत् तंबोऱ्याने लहान खोल्यांतही सुराची साथ मिळाली. मात्र रोज सकाळी चार तारा जुळविताना जी कानाची परीक्षा होत असे, ती त्याबरोबर दिनक्रमातून गेली. म्हणून काही शिक्षक आजही आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्याच्या हाती तारांचा तंबोरा देतात आणि तो जुळेपर्यंत गाणे सुरू करू देत नाहीत.